सोसायटीच्या आवारात झाड कसे लावावे आणि कसे जगवावे

भरवस्तीतले मोठे झाड सावली देते, पानांतून बाष्प सोडून भोवतालची हवा थंड ठेवते, धूळ अडवते आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरू देते. हे सारे फायदे झाड मोठे झाल्यावरच मिळतात. म्हणून पुण्यात रोप लावण्याआधी ते जगवण्याची आखणी करावी.

वर विजेच्या तारा आणि खाली ड्रेनेजची वाहिनी नसेल अशी जागा निवडावी. वड, पिंपळ आणि उंबर इमारतीपासून दूर, मोकळ्या मैदानातच लावावेत. आवारासाठी बहावा, ताम्हण किंवा कांचन आणि रस्त्याकडेला करंज किंवा कडुनिंब योग्य ठरतो. गुलमोहर देखणा खरा, परंतु तो मूळचा मादागास्करचा असून त्याच्या ठिसूळ फांद्या वादळी पावसात मोडतात, त्यामुळे नवी लागवड देशी झाडांचीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मे महिन्यात 3 फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. पुण्यात बहुधा मुरूम किंवा बांधकामाचा राडारोडा लागतो. तो काढून चांगली माती आणि कंपोस्ट खत भरावे. जूनमध्ये जमीन नीट भिजल्यावर, मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू न देता रोप लावावे आणि काठीला सैल बांधावे.

खरी कसोटी पाऊस संपल्यावर लागते. रोज तांब्याभर पाणी घातल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. त्याऐवजी किमान पहिले तीन उन्हाळे, आठवड्यातून दोनदा, आळे भरून पाणी द्यावे. आवारातला पाचोळा जाळण्याऐवजी खोडाला न चिकटवता आळ्यात पसरावा, म्हणजे ओल टिकते आणि पुढे त्याचेच खत होते. पेव्हर ब्लॉक बसवताना खोडाभोवती किमान 1 मीटर माती उघडी ठेवण्याची अट कंत्राटदाराला लेखी घालावी, कारण सिमेंटने वेढलेल्या मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळत नाहीत. संरक्षक जाळी खोडात रुतण्यापूर्वी काढावी.

फांद्या छाटण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी. शहरांतील वृक्षांच्या संरक्षणासाठी राज्यात 1975 पासून कायदा आहे. 2021 मधील दुरुस्तीने 50 वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा देण्याची तरतूद केली आहे. पुनर्विकासाची चर्चा सुरू असलेल्या सोसायट्यांनी आराखडा तयार होण्यापूर्वीच जुन्या झाडांची जागा व खोडाचा घेर नोंदवून ती यादी वास्तुविशारदाकडे द्यावी.