फ्रान्सचे राज्य-अभियंते कसे घडतात आणि मराठवाड्यातील विद्यार्थ्याने त्यातून आपली वाट कशी आखावी

मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी सिमेंटची चाचणी करताना व्हिकॅटचे उपकरण हाताळतो. सिमेंटमध्ये मोजून पाणी घालून लगदा करायचा, तो ४० मिलिमीटर उंचीच्या साच्यात भरायचा, पृष्ठभाग सपाट करायचा आणि १० मिलिमीटर व्यासाचा दांडा त्यावर अलगद सोडायचा. दांडा तळापासून ५ ते ७ मिलिमीटर अंतरावर थांबला, की पाण्याचे ते प्रमाण प्रमाणित मानायचे. जर्नलमध्ये निरीक्षणे उतरतात, सरांची सही होते आणि प्रयोग संपतो. हे उपकरण ज्याच्या नावाने ओळखले जाते तो लुई विका फ्रान्सच्या शासकीय सेवेतील पूल-रस्ते विभागाचा अभियंता होता, आणि दोर्दोन्य नदीवरील सुयाक येथील पुलाचे काम पाहत असताना पाण्याखालीही घट्ट होणारा चुना कशामुळे तसा होतो, याचा शोध त्याने घेतला होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

अभ्यासक्रमात अशी नावे आणखी आहेत. कालव्यातील प्रवाहाचे सूत्र देणारा शेझी, भूजलाच्या वहनाचा नियम मांडणारा दार्सी, विहिरीकडे येणाऱ्या पाण्याचे गणित बसवणारा द्युप्वी, द्रवगतीच्या समीकरणातील नाव्हिए आणि पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा फ्रेसिने हे सर्व जण त्याच एका सेवेतून पुढे आले. एका शासकीय खात्याने दोन शतकांत इतके मूलभूत विज्ञान कसे निर्माण केले, हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडतो, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. अशा सेवेची रचना कशी आहे, तिचे दार कोणाला उघडे आहे आणि आपल्याकडून त्या दिशेने जाण्याचे व्यवहार्य मार्ग कोणते, हे क्रमाने पाहू.

सेवेची रचना आधी समजून घ्यावी

फ्रान्समध्ये अभियंत्यांच्या शासकीय संवर्गाला 'कोर' म्हणतात. पूल व रस्ते यांचा कोर १७१६ मध्ये स्थापन झाला आणि त्यासाठी माणसे तयार करणारी एकोल दे पों ए शोसे ही संस्था १७४७ मध्ये सुरू झाली. तिची धुरा सुरुवातीपासून जाँ-रोदोल्फ पेरोने या पूलबांधणीतील थोर अभियंत्याकडे होती. खाणींसाठीची शाळा १७८३ मध्ये निघाली आणि खाण-अभियंत्यांच्या संवर्गाला नेपोलियनच्या काळात, १८१० मध्ये, पक्के रूप मिळाले. २००९ मध्ये या संवर्गांची मोठी फेररचना झाली. पूल-रस्ते अभियंते आणि ग्रामीण अभियांत्रिकी, पाणी व वने यांचे अभियंते एकत्र येऊन 'पूल, पाणी व वने' असा एकच संवर्ग झाला, तर खाण संवर्गात दूरसंचार संवर्ग विलीन झाला.

या संवर्गात शिरण्याचा ठरलेला रस्ता कठोर आहे. बारावीच्या तोडीच्या परीक्षेनंतर दोन वर्षे गणित आणि भौतिकशास्त्राचे अतिशय कसदार तयारी वर्ग, त्यानंतर स्पर्धा परीक्षा, आणि त्यातून १७९४ मध्ये स्थापन झालेल्या एकोल पोलिटेक्निकसारख्या संस्थेत प्रवेश. तेथून बाहेर पडताना विद्यार्थ्यांची गुणानुक्रमे यादी लागते आणि वरच्या क्रमांकावरील विद्यार्थ्यांना संवर्ग निवडण्याची संधी आधी मिळते. खाण संवर्गाच्या मोजक्या जागा बहुधा अगदी वरचेच घेतात. एकोल नॉर्माल सुपेरियरमधून, अन्य काही अभियांत्रिकी संस्थांमधून आणि खालच्या शासकीय संवर्गातून अंतर्गत परीक्षेने येण्याचीही सोय आहे. हा शेवटचा मार्ग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण लिओंजवळील एंतेपेए या संस्थेतून सार्वजनिक बांधकामाचे अभियंते म्हणून नोकरीला लागलेली माणसेही पुढे वरिष्ठ संवर्गात जाऊ शकतात.

निवड झाल्यावरही प्रशिक्षण संपत नाही. प्रशिक्षणार्थीला पगार मिळतो, त्या बदल्यात ठरावीक वर्षे शासनाची सेवा करण्याची हमी द्यावी लागते, आणि ती मोडल्यास रक्कम परत करावी लागते. खाण संवर्गाचे तरुण काही काळ प्रत्यक्ष उद्योगांत काम करतात. त्यांच्याकडून सार्वजनिक प्रश्नावर अभ्यासपूर्ण प्रबंधही लिहून घेतला जातो. त्यानंतरची पहिली नेमणूक बहुधा राजधानीतील मंत्रालयाऐवजी जिल्हा किंवा प्रादेशिक कार्यालयात होते. कारखान्यांच्या धोक्यांची तपासणी, पूरनियंत्रण, रस्ते, पाण्याचे परवाने, अणुऊर्जा केंद्रांच्या सुरक्षेवर देखरेख अशा कामांची जबाबदारी तिशीच्या आतच अंगावर येते.

या पहिल्या नेमणुकीचे मोल जाणण्यासाठी आँरी प्वाँकारे यांचे उदाहरण पुरेसे आहे. गणितात जगभर नाव होण्यापूर्वी ते खाण संवर्गात होते आणि १८७९ मध्ये व्हेझूल येथे त्यांची नेमणूक होती. मान्यी येथील कोळसा खाणीत स्फोट झाल्यावर २५ वर्षांचे प्वाँकारे खाली उतरले, सापडलेले दिवे त्यांनी एकेक करून तपासले आणि एका सुरक्षा-दिव्याला कुदळीच्या टोकाने पडलेल्या छिद्रातून ज्वाला बाहेर आली असावी, असा निष्कर्ष त्यांनी अहवालात नोंदवला. एवढ्या कुशाग्र बुद्धीच्या माणसालाही संवर्गाने आधी खाणीत उतरवले आणि दिव्याची जाळी हातात घेऊन पाहायला लावले. या व्यवस्थेतून शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे.

पुढची बढती अभियंता, मुख्य अभियंता आणि महाअभियंता अशा पायऱ्यांनी होते. काही जण मंत्रालयांत धोरणे आखतात, काही सार्वजनिक कंपन्यांचे प्रमुख होतात, तर बरेच जण ऐन उमेदीत खासगी उद्योगांत जातात. या शेवटच्या प्रथेवर फ्रान्समध्ये सतत टीका होते, आणि ती रास्त आहे, कारण ज्या उद्योगावर काल देखरेख केली त्याच उद्योगात आज अधिकारपदावर बसणे हा हितसंबंधांचा प्रश्न आहे. राजकारणातही ही माणसे गेली; राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो पूल-रस्ते संवर्गातील होते आणि आल्बेर लब्रँ खाण संवर्गातील.

दार कोणाला उघडे आहे

येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. फ्रेंच शासकीय सेवेत कायम नेमणुकीसाठी फ्रान्सचे किंवा युरोपीय संघाचे व त्याच्याशी तसा करार असलेल्या मोजक्या युरोपीय देशांचे नागरिकत्व लागते, आणि संरक्षणासारख्या सार्वभौम कामांच्या जागा केवळ फ्रेंच नागरिकांसाठी राखीव असतात. भारतीय पासपोर्ट असलेला नांदेडचा किंवा परभणीचा विद्यार्थी या संवर्गात थेट जाऊ शकत नाही. त्यामुळे 'फ्रान्सच्या सरकारी अभियंता सेवेत भरती' असे आश्वासन देऊन कोणी शुल्क मागत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये. ज्या संस्थांमध्ये हे अभियंते घडतात, त्या संस्थांमध्ये शिकणे मात्र पूर्णपणे शक्य आहे.

शिक्षणासाठी फ्रान्सला जायचे असल्यास

एकोल पोलिटेक्निकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रवेशमार्ग आहे आणि २०१७ पासून तेथे इंग्रजी माध्यमाचा पदवी अभ्यासक्रमही चालतो. मात्र फ्रेंच विद्यार्थ्यांना मिळतो तो लष्करी दर्जा आणि वेतन आपल्याला मिळत नाही, आणि शुल्क भरावे लागते. मराठवाड्यातील बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने विचार केल्यास बी.ई. किंवा बी.टेक. येथेच पूर्ण करून पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणे अधिक शहाणपणाचे आहे. पाणी हा विषय असेल तर पॅरिसखेरीज माँपेलिए या शहराचाही विचार करावा. जल आणि शेती यांच्या संशोधनाचे ते मोठे केंद्र आहे. सार्वजनिक विद्यापीठांत युरोपबाहेरील विद्यार्थ्यांसाठी पदव्युत्तर शुल्क २०१९ मध्ये वर्षाला ३,७७० युरो ठरवण्यात आले आणि त्यानंतर ते थोडे वाढले आहे. नामांकित अभियांत्रिकी संस्थांचे शुल्क बहुधा याहून बरेच जास्त असते.

तयारीची खरी सुरुवात भाषेपासून होते. इंग्रजीतून अभ्यासक्रम मिळतात, पण प्रकल्पासाठी फ्रेंच कार्यालयात बसायचे, बैठकीत बोलायचे, नदीखोऱ्याचा अहवाल वाचायचा, तर फ्रेंच लागतेच. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी ए-१ या अगदी प्राथमिक पातळीपासून सुरुवात केली, तर शेवटच्या वर्षापर्यंत बी-२ ही सफाईने बोलण्या-वाचण्याची पातळी गाठणे नियमित अभ्यासाने शक्य होते. फ्रेंच भाषेची डेल्फ ही प्रमाणपत्र परीक्षा पुणे आणि मुंबई येथील आलियाँस फ्रान्सेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत देता येते. प्रवेशाची कार्यवाही काँपुस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच शासकीय यंत्रणेमार्फत चालते.

शिष्यवृत्तीबाबत अनेकांची एक गफलत होते. फ्रेंच शासनाच्या आयफेल शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करायचा नसतो. ज्या संस्थेत प्रवेश हवा आहे, ती संस्था त्याचे नाव पुढे पाठवते. त्यामुळे संस्थेकडील अर्ज शरद ऋतूतच, म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास, तयार असावा लागतो. पदव्युत्तर अभ्यासासाठी वयाची मर्यादा २५ वर्षे आहे आणि शिक्षणशुल्क या शिष्यवृत्तीत धरलेले नसते. फ्रेंच दूतावासाची शार्पाक शिष्यवृत्ती वेगळी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची त्या वर्षीची जाहिरात वाचावी. संस्थेची जागतिक क्रमवारी आणि उत्पन्नाच्या अटी त्यात दिलेल्या असतात.

आपल्याच राज्यसेवेतून हे काम करायचे असल्यास

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याला मराठवाड्याच्या पाण्यासाठी काम करायचे आहे, त्याने या मार्गाचा विचार सर्वांत आधी करावा. संघ लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार या चार शाखांसाठी होते. पूर्व परीक्षा ५०० गुणांची, मुख्य परीक्षा ६०० गुणांची आणि मुलाखत २०० गुणांची असते. सामान्य वर्गासाठी वयोमर्यादा २१ ते ३० वर्षे आहे. पसंतीक्रम भरताना रस्ते किंवा रेल्वे यांच्या आकर्षणात केंद्रीय जल अभियांत्रिकी सेवा मागे पडते, हे योग्य नाही. गोदावरीवर ढालेगाव आणि येळी येथे जी पाणीमापन केंद्रे आहेत, ती केंद्रीय जल आयोगाची आहेत, आणि खोऱ्याचे गणित त्यांच्या नोंदींवर उभे राहते.

राज्य पातळीवर महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम आणि मृद व जलसंधारण या विभागांत प्रवेश मिळतो, आणि पुढे उपविभागीय अभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता अशा पायऱ्या येतात. छत्रपती संभाजीनगर येथे मुख्यालय असलेले गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ आणि तेथीलच वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था यांच्या कामाचा परिचय परीक्षेआधीच करून घ्यावा.

फ्रान्सकडून घेण्याजोगा दुसरा धडा या ठिकाणी कामी येतो. १९६४ च्या कायद्याने फ्रान्सने देशाची सहा नदीखोऱ्यांत विभागणी करून प्रत्येकासाठी जलसंस्था नेमली. पाणी वापरणारे आणि प्रदूषित करणारे यांच्याकडून शुल्क घ्यायचे, ते त्याच खोऱ्यातील कामांवर खर्च करायचे, आणि निर्णयप्रक्रियेत शेतकरी, उद्योग व नगरपालिका यांना खोरे-समितीत बसवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. आपल्याकडे २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने वाटून घेण्याचे तत्त्व मान्य केले. त्यावरूनच नाशिक व अहिल्यानगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहिला आणि मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर २०१४ च्या आदेशात १५ ऑक्टोबरला जायकवाडीच्या साठ्याची ६५ टक्क्यांची कसोटी आली, म्हणजे साठा त्याहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. हे दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचणारा उमेदवार मुलाखतीत पाठ केलेल्या वाक्यांऐवजी विचार मांडू शकतो.

महाविद्यालयात असतानाच करण्यासारखे एक काम सुचवतो. दार्सीने दिजाँ शहराला पाणीपुरवठा करून दिल्यानंतर, १८५६ च्या आपल्या ग्रंथात, वाळूच्या स्तंभातून पाणी सोडून केलेल्या प्रयोगांच्या नोंदी छापल्या. स्तंभाची लांबी, वर-खालच्या पातळीतील फरक आणि दर मिनिटाला झिरपलेले पाणी, एवढेच त्यांत होते. तोच स्तंभ प्रयोगशाळेत उभा करावा. मग आपल्या गावातील एका विहिरीची आणि दोन बोअरची पाणीपातळी पावसाळ्याआधी व नंतर दर आठवड्याला टेपने मोजून वहीत लिहावी. वाळू आणि बेसाल्ट यांतील फरक तेथे लगेच दिसतो: आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरमाच्या थरात आणि भेगांमध्ये साठते, त्यामुळे शंभर फुटांवरील एका बोअरला पाणी लागते आणि शेजारचा कोरडा जातो, आणि दार्सीचे सूत्र जसेच्या तसे लावले तर उत्तर चुकते. ते किती आणि का चुकते, याचा दहा पानांचा अहवाल आलेखांसह लिहून ठेवावा. फ्रान्समधील प्रवेशाच्या हेतुपत्राला तो जोडता येतो, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून चालतो, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात तो घेऊन गेल्यास निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहण्याची विनंती करता येते.