जुन्या फोर बाय फोर जीपचं ॲव्हरेज वाढवायचंय? आधी रेशो मोजा

एमएम 540 किंवा तशाच जुन्या महिंद्रा जीपचं ॲव्हरेज म्हटलं की सगळे इंजिनच्या मागे लागतात, पंप करून घे, नोझल बदल, एअर फिल्टर बदल. ते करायला हरकत नाही, पण 2112 सीसीचं प्युजो डिझेल ठीकठाक असेल आणि तरी हायवेला डिझेल पीत असेल तर दोष बहुतेक गिअरिंगचा असतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनला किती फेरे मारावे लागतात त्या रेशोचा. या गाड्या शेतात आणि डोंगरात ओढायला बनवल्या, म्हणून 80 ला इंजिन नुसतं बोंबलत असतं.

पैसे घालायच्या आधी फुकटातलं करून घ्या. दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक कमी मारत, मग उतरून चारही हबला हात लावून बघा. एखादा हब बाकीच्यांपेक्षा चांगलाच गरम लागला तर तिथे ब्रेक शू घासतोय नाहीतर बेअरिंग जास्त टाइट आहे. हे निस्तरल्याशिवाय पुढचं काही करू नका, कारण गाडी ब्रेक लावूनच चालली असेल तर कुठलाही रेशो तुम्हाला वाचवणार नाही.

मग तेल. जुनी गाडी आवाज करते म्हणून बरेच मिस्त्री सगळीकडे जाड 140 नंबरचं गिअर ऑइल भरतात, आवाज दबतो खरा पण थंडीत सकाळी गिअर पडत नाही आणि ते घुसळण्यात ताकद जाते. डिफ्रन्शिअलला (ॲक्सलच्या मधली गिअरची पेटी) जीएल-5 प्रतीतलं 80डब्ल्यू-90 जाडीचं आणि गिअरबॉक्सला जीएल-4 प्रतीचं, कारण सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना जीएल-5 मधली काही ॲडिटिव्ह मानवत नाहीत.

पुढच्या चाकांना फिक्स फ्लॅंज (चाक ॲक्सलशी कायम जोडून ठेवणारी चकती) असतील तर हवं तेव्हा चाक ॲक्सलपासून सोडवणारे फ्री व्हील हब बसवा. हब फ्री ठेवले की टू व्हीलमध्ये पुढचे ॲक्सल, क्राउन (डिफ्रन्शिअलमधला मोठा गिअर) आणि प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) विनाकारण फिरत नाहीत. खोटं कशाला बोला, फरक छोटाच पडतो, पण झीज वाचते आणि स्टिअरिंग हलकं लागतं. मधूनमधून हब लॉक करून थोडं चालवत जा म्हणजे आतल्या भागांना तेल मिळतं. आणि कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून फिरणं बंद, पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे डिफ्रन्शिअल नाही त्यामुळे वळणावर सगळं आवळून बसतं, डिझेलही जातं आणि टायरही.

आता मुख्य काम, क्राउन-पिनियन, म्हणजे डिफ्रन्शिअलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी, रेशो हिच्या दातांवर ठरतो. कुठल्या गाडीत काय आहे हे कागदावरून ठरवू नका, चाळीस वर्षांत कोणी काय बसवलंय देव जाणे. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, हॅंडब्रेक सोडा, मागचं एकच चाक जॅकवर उचला. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा आणि उचललेलं चाक बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवा. शाफ्ट पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त फिरला तर 5.38 (43/8 दात), पाचाला जरा कमी तर 4.88 (39/8), सव्वाचार तर 4.27 (47/11).

235/75 आर15 टायरचा घेर साधारण 2.3 मीटर. चौथा गिअर डायरेक्ट असतो (इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात), म्हणजे 80 ला इंजिन 5.38 वर मिनिटाला सुमारे 3100 फेरे फिरतं, 4.88 वर 2800 आणि 4.27 वर 2500 च्या आत. हे इंजिन 2000 च्या आसपास खुशीत ओढतं, त्यामुळे गाव, घाट आणि हायवे असं मिक्स चालवणाऱ्याने 5.38 वरून 4.88 वर यावं. 4.27 फक्त सपाट हायवेवाल्यांनी घ्या, वरंधा घाटात माणसं भरून चढलात तर तिसऱ्याच्या वर जाणार नाही आणि वाचवलेलं सगळं तिथेच जाईल. रेशो पुढे-मागे दोन्हीकडे सारखाच लागतो, एकच ॲक्सल बदलून फोर व्हील टाकलं की काहीतरी तुटलंच समजा. जुना माल घेताना क्राउन आणि पिनियनवरचा जोडीचा नंबर जुळवून घ्या. आणि फिटिंग डायल गेजवाल्याकडेच (दातांमधली बारीक फट मोजणारं मीटर), शिम म्हणजे पातळ चकत्या लावून, दातांवर मार्किंगचा रंग लावून ठसा बघणाऱ्याकडे. "हाताला कळतं" म्हणणाऱ्याकडून नको, महिन्याभरात हाउसिंग रडायला लागतं.

मोठे टायर टाकून तोच फायदा मिळेल असं वाटतं, पण रुंद मड टायरचं वजन आणि घर्षण तो खाऊन टाकतं. ओव्हरड्राइव्हवाला (वरच्या गिअरला इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं असा) पाच गिअरचा बॉक्स चांगलाच, पण माउंटिंग बदलतं, दोन्ही शाफ्ट लांबी बदलून बॅलन्स करावे लागतात, म्हणून जुना बॉक्स संपलाच असेल तरच.

एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) निघते आणि चाकाचे नाही, शाफ्टचे फेरे मोजते, त्यामुळे 5.38 चं 4.27 केलं की खऱ्या 100 किलोमीटरला मीटर 79 दाखवतो. खरं 12 चं ॲव्हरेज साडेनऊ दिसतं आणि माणूस मिस्त्रीशी भांडायला जातो! म्हणून टाकी त्याच पंपावर काठोकाठ भरून मोबाईलच्या जीपीएसवर किलोमीटर मोजा, आणि कामाच्या आधीचा आकडाही तसाच काढलेला पाहिजे. नवीन जोडीला पहिले काही शे किलोमीटर ट्रेलर लावू नका, 500 झाले की डिफ्रन्शिअलचं तेल काढा. बारीक चमक दिसली तर चालतं, नखात धरता येतील असे तुकडे निघाले तर गाडी तिथेच उभी करून हाउसिंग उघडायला लावा.