मुस्ता तपासण्याआधी अतिविषा तपासा

द्रव्यगुणात, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या विषयात, एमडीला आलात की ‘अभाव प्रतिनिधी द्रव्य’ (मूळ द्रव्य मिळालं नाही तर त्याऐवजी वापरायचं द्रव्य) हा विषय खुणावतो. भावप्रकाश या आयुर्वेद ग्रंथात यादी तयारच आहे: मेदा-महामेदा नसेल तर शतावरी, काकोली-क्षीरकाकोली नसेल तर अश्वगंधा. पण प्रबंधाला अष्टवर्ग, म्हणजे मेदा, काकोली वगैरे आठ वनस्पतींचा गट, घेऊ नका. त्यातल्या मूळ वनस्पती नेमक्या कोणत्या यावरच वाद आहेत. त्यापेक्षा अतिविषाऐवजी मुस्ता ही जोडी बरी. मुस्ता म्हणजे आपला लव्हाळा. कानडीत कोन्नारी गड्डे. खानापूर-जांबोटीकडे शेताच्या बांधावर हवा तेवढा मिळतो.

अतिविषा मात्र हिमालयातली, दुर्मीळ आणि महाग. गोम इथेच आहे. माझं काम इथेच अडलं होतं, म्हणून सविस्तर सांगते. लव्हाळा आपण स्वतः खणतो, कणसासकट वाळवून कागदावर चिकटवतो (हर्बेरियम शीट), राख मोजतो, छेद घेतो. अतिविषा दुकानातून पुडीत येते आणि ‘अतिविषा’ म्हणूनच वहीत चढते. ती पुडी दुसऱ्याच मुळीची असेल, तर तुमचा लव्हाळा कितीही शुद्ध असो, तुलना कशाशी केली हे कुणालाच सांगता येणार नाही. सगळे तक्ते बाद. म्हणून पहिली तपासणी मूळ द्रव्याची. खरी मुळी मोडली की आतून पांढरी, पिठूळ दिसते आणि आडव्या छेदात गडद ठिपके असतात. मग सूक्ष्मदर्शक आणि त्यानंतर एचपीटीएलसी (द्रव्यातले घटक पट्ट्यांच्या रूपात वेगळे दाखवणारी चाचणी), तीही प्रमाणित नमुन्यासोबत. भिंग न लावता थेट मशीनकडे धावणारे मला पटत नाहीत. पुडीतला थोडा भाग बाजूला सीलबंद ठेवाच.

दुकानदार म्हणेल, “चाखून बघा की.” अजिबात चाखू नका. वचनाग याच कुळातला आहे आणि तो जिवावर बेततो.

एचपीटीएलसीत दोघांचे पट्टे जुळणार नाहीत. घाबरू नका. अतिविषात अल्कलॉइड, मुस्तेत सुगंधी तेल, ते जुळणार कसे? वीर्यही, म्हणजे द्रव्याची उष्ण-शीत शक्तीही, वेगळं: अतिविषा उष्ण, मुस्ता शीत. साम्य आहे ते दीपन (भूक वाढवणं), पाचन (पचन करणं), ग्राही (मल बांधणं) या कर्मांत. म्हणून अतिसारावरचा परिणाम मोजा आणि निष्कर्षही अतिसारापुरताच लिहा. उंदरांवर प्रयोग असेल तर प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी, मागाहून मिळत नाही.

बालचातुर्भद्र या चार द्रव्यांच्या, अतिविषा असलेल्या चूर्णाचा मोह होईल, पण त्यात मुस्ता आधीपासूनच आहे. तिथे अतिविषाच्या जागी पुन्हा मुस्ता घातली तर चारांची तीनच द्रव्यं उरतात. शिवाय योगातल्या, म्हणजे औषधी मिश्रणातल्या, प्रधान द्रव्याला प्रतिनिधी घेऊ नये, हा नियम शास्त्रानेच घातला आहे. योग निवडताना तो समोर ठेवा.

गाईड निवडताना नाव बघू नका, तुमच्यासोबत चिखलात उतरतील का ते बघा. जुन्या प्रबंधांतले फोटो उचलायला सांगणाऱ्यांपासून लांब राहा. बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे विचारायला संकोच करू नका. लव्हाळ्याची जागा पावसाळ्यात, कणसं दिसत असताना हेरून खूण करून ठेवा. चरकांनी मुळांसाठी सांगितलेले ऋतू शिशिर आणि ग्रीष्म. तेव्हा नुसते कंद बघून जात ओळखणं अवघड जातं.