आत्याचं दुखणंही लिहा: आनुवंशिक कॅन्सरच्या तपासणीआधी

आईला स्तनाचा कॅन्सर झाला की निरोगी मुलगी घाबरून थेट लॅब गाठते. तिने आधी कागद घ्यावा. त्यावर तीन पिढ्या मांडायच्या, आईच्या आणि वडिलांच्याही बाजूच्या. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा, बीआरसीए १ आणि २ या जनुकांतला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो आणि प्रत्येक मुलामुलीला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. तरीही आत्या आणि चुलत बहिणी हमखास कागदावरून सुटतात.

प्रत्येक नावापुढे अवयव, एक स्तन की दोन्ही, आणि निदान झालं तेव्हाचं वय लिहा; नुसतं मृत्यूचं वय पुरत नाही. खरा घोळ होतो तो ‘पिशवीच्या कॅन्सर’पाशी. पिशवी म्हणजे गर्भाशय, त्याचं तोंड की अंडाशय? गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याचा या जनुकांशी संबंध नाही. अंडाशयाचा असेल तर मात्र सगळं गणित बदलतं. ‘तिच्या पोटात पाणी झालं होतं, दोनदा काढलं’ असं काकू सांगत असेल, तर अंडाशयाची शंका धरून कागद शोधा. गणपतीला गावी गेलात की ट्रंकेतली जुनी फाइल काढा आणि बायॉप्सीच्या रिपोर्टचा फोटो घ्या.

पन्नाशीच्या आत किंवा दोन्ही स्तनांत झालेला कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह प्रकार (ज्याच्या तपासणीत दोन हार्मोनचे ग्राही आणि हर-२ हे तिन्ही सापडत नाहीत), पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर, कोणत्याही वयातला अंडाशयाचा कॅन्सर: यातलं एकही घरात असेल तर जेनेटिक कौन्सेलरला, म्हणजे आनुवंशिक आजारांचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला, भेटाच. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ही सोय आहे.

तपासणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करा. नुसत्या मुलीची केली आणि काही सापडलं नाही, तर दोष तिच्यात उतरला नाही की घरातलं कारणच वेगळं आहे, हे कळत नाही. आईत दोष सापडला की बाकीच्यांची फक्त तेवढीच जागा तपासायची, खर्चही कमी. रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, उपाशी राहावं लागत नाही. दुसऱ्याचा बोनमॅरो बसवला असेल तर आधी सांगा, नाहीतर रक्तात दात्याचा डीएनए दिसेल. जनुकाचा मोठा तुकडा गळाला असल्यास तेही तपासणार का, हे लॅबला विचारा.

रिपोर्टवर ‘व्हीयूएस’ असेल तर त्या बदलाचा अर्थ अजून लागलेला नाही. त्यावरून अंडाशय काढून टाकू नका. बहुतेक व्हीयूएस पुढे निरुपद्रवी ठरतात.

दोष पक्का असेल तर बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ७० टक्के. अंडाशयाचा बीआरसीए १ मध्ये सुमारे ४४ आणि २ मध्ये १७ टक्के. साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राफीही. मुलं झाल्यावर अंडाशय आणि बीजवाहक नळ्या काढण्याचा विचार बीआरसीए १ मध्ये ३५ ते ४०, तर २ मध्ये ४० ते ४५ या वयात करतात.

रिपोर्टची प्रत भावांनाही द्या. त्यांनाही मुली आहेत.