जीसीसी १५ वर जुना सी कोड बूलपाशी अडला, तर काय करायचं

अंधेरीच्या एमआयडीसीत मी वीजमीटरच्या लिनक्स गेटवेचा सी कोड सांभाळते. टीममध्ये नवं कोणी आलं की त्यांना हे आधी शिकवते. जीसीसी हा सी कोडचा कंपायलर. सी भाषेची कोणती आवृत्ती धरायची हे सांगणारा एसटीडी फ्लॅग दिला नाही, तर जीसीसी १४ कोड जीएनयू१७ (सी१७ अधिक जीएनयूची स्वतःची भर) समजून वाचतो. २०२५ मध्ये आलेला १५ मात्र जीएनयू२३ (सी२३ अधिक तीच भर) धरतो. सी२३ मध्ये बूल (खरं-खोटं ठेवणारा प्रकार), ट्रू, फॉल्स हे थेट कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द, झाले, त्यामुळे जुन्या हेडरमधली 'टाइपडेफ इंट बूल' ही इंटला बूल असं नाव देणारी ओळ तिथेच अडते.

ती ओळ लगेच खोडू नका. आपल्याकडे इंटवाला बूल चार बाइटचा, नवा एका बाइटचा. असा बूल असलेलं स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली व्हेरिएबल्स) जसंच्या तसं फाइलमध्ये किंवा सिरियल पोर्टवर जात असेल, तर बिल्ड बिनतक्रार होईल आणि पलीकडे वाचताना डेटा सरकलेला असेल. शिवाय इंटमध्ये १२८ ठेवलं तर १२८च राहतं, खऱ्या बूलमध्ये त्याचं १ होतं. म्हणून आधी बिल्डमध्ये जीएनयू१७ स्पष्ट लिहून काम चालू करा. मग त्या प्रकाराला 'मीटर_बूल' असं स्वतःचं नाव द्या, आणि डेटा बाहेर जातो तिथे इंट३२_टी हा नेमक्या ३२ बिटांचा प्रकार वापरा.

उलटी टक्करही होते. जीएनयू मोडमध्ये लिनक्सवर 'लिनक्स' हा अख्खा शब्दच १ चा मॅक्रो असतो, म्हणजे कंपायलर त्या शब्दाच्या जागी १ टाकतो. स्टँडर्डप्रमाणे हे नाव प्रोग्रामरचं; पण व्हेरिएबलला दिलंत की एरर येते ती आकड्याबद्दल, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. अशा वेळी रिकाम्या फाइलवर जीसीसी 'डॅश डीएम, डॅश ई' देऊन चालवा, आधीच ठरलेले सगळे मॅक्रो दिसतात.

माझं मत ठाम आहे: नवीन कोड निव्वळ सी१७ आणि पेडँटिक-एरर्सवरच (स्टँडर्डबाहेरच्या गोष्टींना एरर देणारा फ्लॅग) लिहावा. सीमेक या बिल्डच्या साधनात सी_एक्स्टेन्शन्स ऑफ करा; नुसतं स्टँडर्ड १७ लिहिलं तर तो जीएनयू१७च देतो. सी१७ वर स्ट्रडप (स्ट्रिंगची प्रत काढणारं पॉझिक्स फंक्शन) सापडेनासं होतं, त्यासाठी पहिल्या इन्क्लूडच्या आधी _पॉझिक्स_सी_सोर्स २००८०९एल डिफाइन करा. टाइपऑफ (दिलेल्या गोष्टीचा प्रकार काढून देणारा शब्द) हवंच असेल, तर मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर लावून लिहा. त्या रूपात ते जीसीसीच्या प्रत्येक मोडमध्ये चालतं.