जुनं मिलिटरी रिव्हॉल्व्हर घेताय? जरा थांबा

देवळाली कॅम्पातल्या कुठल्या जुन्या बंगल्यातून १९व्या शतकातलं रिव्हॉल्व्हर निघालंय असं कळलं की हात शिवशिवतात, पण आधी कायदा बघा. १९५९च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ आहे, त्यात जुनाट बनावटीचं आणि दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्यारालाच सूट आहे, नुसतं शंभर वर्षं जुनं असून भागत नाही, म्हणून पैसे द्यायच्या आधी पोलीस आयुक्तालयात विचारून या.

मग खुणा. बाणाच्या टोकासारखा ठसा म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. १८८७ला ब्रिटिशांनी घेतलेलं वेब्ली मार्क १ वरून खटका दाबला की मधून मोडतं, म्हणजे नळी खाली झुकते, आणि रिकामी काडतुसं आपोआप वर येतात, १८५१चं कोल्ट नेव्ही मोडतच नाही, त्यात दारू न गोळी सिलिंडरमध्ये समोरून ठासायची. कोल्टच्या वेगवेगळ्या पार्टवरचे नंबर जुळवून बघाच, न जुळणारं म्हणजे जोडतोड.

आणि बफिंग मारून चकाचक करू नका राव! ठसे पुसले की किंमत गेली. मऊ कापडाला थोडं मशीन ऑइल, बास. आपल्याकडच्या पावसात चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलंत तर गंज ठरलेला, चामडं ओल धरतं.