ग्रामसभेत आपला विषय ठरावापर्यंत कसा न्यायचा

ग्रामसभेत तावातावानं बोलून घरी आलेल्या माणसाला वाटतं, विषय मांडून झाला. सहा महिन्यांनी प्रोसिडिंग, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, उघडलं तर त्यात त्या विषयाचा उल्लेखही नसतो. सातारा-सांगलीकडच्या गावांत बोलणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. पारावर, सोसायटीच्या दारात, दूध डेअरीवर गटारापासून उसाच्या दरापर्यंत सगळं बोललं जातं. राहतं ते कागदावर येणं. म्हणून इथली सगळी खटपट दोन वह्यांसाठी आहे. तुमचा विषय आधी अजेंड्यावर यायला हवा आणि नंतर प्रोसिडिंगवर नीट उतरायला हवा. मधल्या दोन तासांचं भाषण त्यामानानं सोपं असतं.

आधी विषय टेपनं मोजा

"गावात गटारं नाहीत" ही तक्रार झाली. तिच्यावर ठराव होत नाही, फार तर "चर्चा झाली" अशी एक ओळ लिहिली जाते. विषय असा लिहा: "मारुती मंदिर ते पाण्याची टाकी या रस्त्याच्या डाव्या बाजूस १४० मीटर बंदिस्त गटार करणे व शेवटी शोषखड्डा घेणे; सध्या २२ घरांचे सांडपाणी रस्त्यावर येते." लांबी स्वतः टेप लावून मोजा, घरं मोजा, उतार कुठल्या अंगाला आहे ते बघा. गटाराचं भांडण सुरुवातीला नसतं, शेवटाला असतं. पाणी कुणाच्या रानात किंवा कुणाच्या दारात सुटणार, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तोच माणूस सभेत उभा राहतो आणि विषय तिथंच बसतो.

मग जागा बघा. रस्ता, टाकी, स्मशानशेड, समाजमंदिर, काहीही असो, खालची जमीन कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर किंवा गावठाणात असेल तर मालमत्तापत्रकावर तपासा. खासगी असेल तर मालकाचं तोंडी "घ्या की" कामाचं नाही. आज बाप हो म्हणतो, उद्या पोरांच्या वाटण्या झाल्या की धाकटा कोर्टात जातो. नोंदणीकृत बक्षीसपत्र होत असेल तर सर्वांत चांगलं, निदान सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांची संमती तरी हवी. मंजूर झालेलं काम जागेवरून अडलं की निधी दुसऱ्या कामाकडे वळतो, आणि तोवर गावात दोन घरांचं बोलणं बंद झालेलं असतं.

तिसरी गोष्ट पैशाचा शीर्ष, म्हणजे कुठल्या निधीतून खर्च करायचा ते. "कुठल्यातरी फंडातून करा" असं म्हणणाऱ्याला "फंड नाही" हे उत्तर देणं सोपं जातं. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. गटार हे स्वच्छतेच्या बंधित निधीतलं काम, त्यासाठी अबंधित निधीवर डोळा ठेवायची गरज नाही. आयोगाचा काळ बदलला की हे आकडेही बदलतात, म्हणून चालू वर्षाचं पत्रक ग्रामपंचायतीत बघून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे तीन आकडे वस्तीतल्या प्रत्येकाला पाठ असायला हवेत. ज्यांच्यासाठी हा पैसा आहे त्यांनाच त्याची खबर नसते, ही आपल्या गावांतली फार जुनी आणि लाजिरवाणी गोष्ट आहे.

अर्ज आणि पोच

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. वर्षातली पहिली सभा एप्रिल-मे या दोन महिन्यांत व्हायला हवी. तिच्यात मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, लेखापरीक्षणाची टिपणी आणि चालू वर्षाची कामं ठेवावी लागतात. हिशेब विचारायचा असेल तर ही सभा चुकवू नका. नवं काम आराखड्यात घालायचं असेल तर मात्र २ ऑक्टोबरपासून पुढच्या सभांवर नजर ठेवा, कारण पुढच्या वर्षाचा विकास आराखडा साधारण त्या काळात तयार होतो.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, विशेष सभेची चार दिवस आधी. नोटीस निघाल्यावर अर्ज दिला तर उशीर झाला. निदान पंधरा दिवस आधी द्या. अर्ज सरपंच आणि ग्रामसेवक (आता हे पद ग्रामपंचायत अधिकारी म्हणून ओळखलं जातं) अशा दोघांच्या नावे, एका अर्जात एकच विषय, आणि विषयाचं वाक्य असं की जसंच्या तसं अजेंड्यावर उतरवता यावं. दोन प्रती काढा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. नुसती सही चालत नाही, आवक क्रमांकाशिवाय अर्ज "मिळालाच नाही" होतो. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात, तेव्हा तो आपल्या गावात कुठल्या वारी असतो ते आधी विचारून ठेवा. घ्यायला नकार दिला तर वाद घालू नका. स्पीड पोस्टानं पाठवा आणि एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या आवक टेबलावर द्या.

अर्जावर सह्या किती, यापेक्षा कुणाच्या आहेत हे महत्त्वाचं. एकाच भावकीच्या चाळीस सह्या असल्या तर तो अर्ज भावकीचा ठरतो. प्रत्येक वाडी-वस्तीतून चार-पाच सह्या घ्या, आणि दोन्ही पॅनेलच्या माणसांच्या घ्या. निवडणूक संपली तरी गावात गट संपत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाण्याचा विषय एका गटाच्या कार्यकर्त्यानं नेला की दुसरा गट पाण्याच्याच विरोधात बसतो, आणि नळ कोरडा राहतो तो दोन्ही गटांच्या बायकांचा.

"ऐनवेळचे विषय" यावर विसंबू नका. ते अध्यक्षांच्या परवानगीनं शेवटी येतात, तोवर निम्मी माणसं धारेला किंवा पाणी पाजायला निघून गेलेली असतात.

सभेच्या आधीची सभा

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानंच सांगितलं आहे. अनेक गावांत ती फक्त रजिस्टरवर होते. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांना धरून ती खरी भरवा. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं, ते देशभर गाजलं. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट भोंगा नव्हे. स्वातंत्र्यदिनाच्या आधी बायकांच्या बैठकीत विषय पक्का झाला, आणि मग अंगणवाडी सेविका, शिक्षक, पंचायतीची माणसं घरोघर फिरली. ज्या घरात अंमल व्हायचा, त्या घरातल्या बाईनं आधी हो म्हटलं होतं.

वस्तीवरच्या लोकांना "सभेला या" एवढं सांगून भागत नाही. ते येतात, मागं उभे राहतात आणि तसेच परत जातात. त्यांच्यातल्या कुणाला कुठला मुद्दा बोलायचा आहे ते आदल्या रात्री वस्तीवर बसून ठरवा, आणि सभेत त्यांना पुढच्या रांगेत बसवा. दोन पिढ्या ज्यांना चावडीसमोर चप्पल काढून उभं राहावं लागलं, त्यांच्या नातवानं खुर्चीवर बसून प्रश्न विचारला तर ती सभा खऱ्या अर्थानं गावाची झाली.

वेळेचंही बघा. साखर कारखाने सुरू असताना भर सकाळची सभा म्हणजे रिकामी सभा. पाटण-जावळीकडच्या गावांत निम्मे मतदार मुंबईला. यात्रेला ते गावी येतात, पण यात्रेच्या गर्दीत घेतलेली सभा गोंधळातच जाते.

सभेत

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी ती. ४८० मतदारांच्या गावात ७२ माणसं पुरतात, हजाराच्या गावात १००. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नको असलेला ठराव पंधरा माणसांत उरकायची वाट इथंच सापडते. तेव्हा सभा तहकूब झाली की पुढची तारीख, वेळ तिथंच जाहीर करून घ्या आणि त्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त माणसं न्या. तहकूब सभेत मूळ अजेंड्यावरचेच विषय घेता येतात.

हजेरी रजिस्टरवर सही करताना वर तारीख आणि सभेचा उल्लेख आहे का ते बघा. नंतर शिपाई घरोघर रजिस्टर घेऊन आला तर सही देऊ नका. न झालेल्या सभा अशाच होतात.

अध्यक्षपद सरपंचाचं, त्यांच्या गैरहजेरीत उपसरपंचाचं. सरपंच बाई असतील तर प्रश्न त्यांनाच विचारा, शेजारी बसलेल्या नवऱ्याला किंवा दिराला नाही. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला तर लागू दे.

तीन मिनिटांत बोला: मोजमाप, जागा, शीर्ष. मागच्या पंचवार्षिकमध्ये कोणी काय खाल्लं, हे या वेळी नको. ते काढलं की तुमचा विषय संपला आणि दुसराच सुरू झाला. बोलून झाल्यावर "यावर ठराव घ्या" असं स्पष्ट म्हणा. सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) आधीच ठरलेले असावेत, शक्यतो वेगवेगळ्या वस्तीचे. विरोध असेल तर हात वर करून मोजणी मागा आणि दोन्ही आकडे लिहून घ्या.

सगळ्यात जास्त ठराव शब्दांत मरतात. "विचार व्हावा", "पाठपुरावा करण्यात यावा", "निधी उपलब्ध झाल्यास" असं लिहिलं की कुणावरच काही बंधन राहत नाही. ठरावात काम, जागा, लांबी, निधीचा शीर्ष, कोणत्या वर्षाच्या आराखड्यात घ्यायचं आणि जबाबदारी कुणाची, एवढं यायलाच हवं. वाक्य घरून लिहून न्या आणि ग्रामसेवकाच्या हातात द्या. लिहून झालं की मोठ्यानं वाचायला लावा. दोन ठरावांमध्ये कोरी जागा सोडली असेल तर तिथं रेघ मारायला सांगा. हे विनंतीच्या सुरात सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात.

ग्रामसभेला काय करता येत नाही, हेही लक्षात ठेवा. एखाद्या घराचं पाणी तोडा, किराणा देऊ नका, कार्याला बोलावू नका, असा "ठराव" गावानं एकमतानं केला तरी तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या राज्याच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. असला विषय निघाला तर गप्प बसू नका. आपला विरोध नावानिशी प्रोसिडिंगवर लिहायला लावा.

सभेनंतर

आठवड्याच्या आत ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि मागणी नेमकी, म्हणजे "अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या प्रोसिडिंगची व हजेरीची प्रत". दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. "का", "कशामुळे" असे प्रश्न अर्जात विचारू नका, कागद मागा.

नक्कल मिळाली की काम आराखड्यात चढलं का ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून बघा. चढलं असेल तर शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता. कागद कुठल्या टेबलावर आहे ते दर पंधरा दिवसांनी विचारा, आणि दर वेळी वेगळ्या माणसानं जा.

पुढच्या सभेत पहिलाच विषय असतो, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. लोक चहाची वाट बघत "मंजूर, मंजूर" म्हणतात. तुमची नक्कल खिशात असू द्या. वाचन पूर्ण करायला लावा, शब्दाला शब्द ताडून बघा, आणि फरक असेल तर कायम होण्याआधीच हात वर करा.